मेंढरांच्या कळपात जुळ्याचा जीन आणायचाय? मेंढा घेण्याआधीपासून पहिल्या जुळ्यापर्यंत काय काय करायचं

मागच्या दिवाळीला माण तालुक्यातल्या एका ओळखीच्या मेंढपाळाचा फोन आला, आवाजच चढलेला. "जुळ्याचा मेंढा म्हणून एवढे पैसे मोजून आणला, पावसाळ्यात सगळ्या मेंढ्यांना लागला, आता चाळीस मेंढ्या व्यायल्या आणि चाळिसातून एकच जुळं. फसवलं मला." मी म्हटलं, आबा, फसवलं नाही हो कुणी, तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही एवढंच. जुळं होणार का नाही ते मेंढी ठरवते, मेंढा नाही. तुमच्या मेंढ्या जुन्याच आहेत, त्यांना एकच होणार. या मेंढ्यापासून ज्या पाटी (मादी कोकरं) झाल्यात ना, त्या मोठ्या होऊन व्यायला लागल्या की मग जुळी दिसतील. पलीकडून जरा वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, "म्हंजी अजून दोन वर्षं? निम्म्या पाटी तर मी व्यापाऱ्याला दाखवून बसलोय की."

त्या दिवशी ठरवलं की हे सगळं एकदा बैजवार लिहून काढायचं, कारण जीनबद्दल ऐकलेले लोक खूप आहेत पण कळपात तो बसवायचा कसा, कुठल्या महिन्यात काय करायचं, वहीत काय लिहायचं हे सांगणारं मराठीत फारसं सापडत नाही.

आधी हा जीन आहे काय

आपली दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते, शंभरात एखाददुसरं जुळं झालं तर झालं. पण बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची मेंढी आहे, अगदी बुटकी, मोठी मेंढीसुद्धा बारा-चौदा किलोच्या आसपास, आणि तिला जुळी-तिळी होणं नेहमीचंच. तिकडे ऑस्ट्रेलियात बुरुला नावाच्या फार्मवरच्या मेरिनो मेंढ्याही अशाच जास्त कोकरं देणाऱ्या म्हणून जगभर प्रसिद्ध होत्या. २००१ साली शास्त्रज्ञांना त्या बुरुला मेंढ्यांमधला नेमका जीन सापडला, त्याला फेकबी म्हणतात, आणि २००२ मध्ये कळलं की गरोळमध्ये तोच, अगदी तस्साच बदल आहे. १७९० च्या दशकात कलकत्त्याहून जहाजानं ऑस्ट्रेलियात मेंढ्या गेल्या होत्या, त्यातून तो तिकडे पोचला असं मानतात. म्हणजे जगानं ऑस्ट्रेलियाचं म्हणून मिरवलेलं धन मूळचं आपल्याकडचं, मला तर याचा फार अभिमान वाटतो.

बदल केवढा, तर डीएनएच्या एका जीनमधलं एक अक्षर, बस. त्या एका अक्षरानं बीजकोशातल्या एका प्रथिनाचं काम थोडं ढिलं पडतं, मग एका माजाला एक बीज पिकायच्या ऐवजी दोन पिकतात, कधी तीन.

आपल्याकडे हे काम उभं केलं फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, लोक तिला नारी म्हणतात. १९९० च्या दशकात त्यांनी गरोळ मेंढ्या फलटणला आणल्या, दख्खनीशी आणि कर्नाटकातल्या बन्नूरशी संकर केले, आणि पिढ्यानपिढ्या डीएनए टेस्ट करून फक्त जीनवाली जनावरं पुढे ठेवत गेले. गरोळचा बुटकेपणा मागे राहिला, जीन तेवढा पुढे आला. त्यातूनच नारी सुवर्णा ही मेंढी तयार झाली. डॉ. चंदा निंबकर यांनी या कामाला कितीतरी वर्षं दिली, आणि ते नुसतं संस्थेच्या आवारात न ठेवता आसपासच्या धनगरांच्या कळपात नेऊन तिथं काय होतं ते बघितलं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. तिकडे राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी संस्थेनं गरोळचाच जीन घेऊन अविशान मेंढी केली.

बीबी, बी प्लस, प्लस प्लस

एवढं गणित डोक्यात पक्कं बसवा, बाकी सगळं यावर आहे. प्रत्येक जनावरात या जीनच्या दोन प्रती, एक आईची एक बापाची. दोन्ही जुळ्याच्या असतील तर बीबी, एकच असेल तर बी प्लस, एकही नसेल तर प्लस प्लस. आपल्या जवळपास सगळ्या दख्खनी प्लस प्लस.

बीबी मेंढा आपल्या साध्या मेंढ्यांना लावला की होणारं प्रत्येक कोकरू बी प्लस, शंभर टक्के, टेस्ट करायचीही गरज नाही. मेंढा बी प्लस असेल तर निम्मी कोकरं बी प्लस निम्मी साधी, आणि कुठलं कुठलं ते डोळ्यांनी कधीच कळत नाही. म्हणून मेंढा घेताना "जीनवाला आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, बीबी आहे का बी प्लस ते कागदावर बघा.

बी प्लस मेंढी दरवेळी जुळंच देईल असंही नाही हं. दहा वेतांमागं साधारण पंधरा कोकरं धरा, म्हणजे निम्म्या वेळा जुळं, निम्म्या वेळा एक. बीबी मेंढीला यापेक्षा जास्त, तिळीही होतात. माझं स्पष्ट मत आहे की फिरस्ती करणाऱ्या कळपात बीबी मेंढ्या वाढवू नयेत. दोन सडांवर तीन कोकरं, त्यात रोज आठ-दहा किलोमीटर चाल, हे आईवरही अन्याय आणि कोकरांवरही. आपल्याला हव्यात बी प्लस मेंढ्या.

मेंढा घ्यायच्या आधी स्वतःला विचारायचे प्रश्न

चारा आहे का, विशेषतः दिवाळी ते संक्रांत? तुमची मेंढी त्या काळात हाडं मोजता येतील इतकी उतरत असेल तर जुळं तिला झेपणार नाही, आधी चाऱ्याचं बघा. घरात कोकरांकडे बघणारं माणूस आहे का? दिवसभर कळपामागं एकटाच माणूस आणि वाड्यावर कुणी नाही असं असेल तर पहिल्या आठवड्यातच कोकरं जातील. तळ हलवताना घोड्यावर बांधून नेता येतील त्यापेक्षा जास्त कोकरं एकाच आठवड्यात जन्मली तर काय करणार? हे आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर आम्ही सगळ्या मेंढ्यांना एकदम मेंढा न लावता दोन टप्प्यांत, महिनाभराच्या अंतरानं लावायला लागलो, तेव्हा ते जमलं.

बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त पाळणाऱ्याला हे सगळं सोपं जातं, खरं सांगायचं तर जीनचा पुरा फायदा त्यांनाच मिळतो.

मेंढा निवडणं

वय दोनदाती ते चारदाती. दोन्ही गोट्या सारख्या, घट्ट, हाताला गाठ लागत नाही. पाय सरळ, खालचा-वरचा जबडा जुळलेला. टेस्टचा कागद, आणि कागदावरचा नंबर कानातल्या बिल्ल्याशी स्वतः जुळवून बघा, लाजू नका. आईची माहिती विचारा, किती वेतं, किती कोकरं जन्मली आणि त्यातली किती जगली, यातला शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

बाजारात "हा जुळ्यातला आहे, बघा याचा भाऊ" म्हणून मेंढा दाखवतात, त्यावर जाऊ नका. जुळ्यातला म्हणजे जीनवाला असं नाही, साध्या मेंढीलाही भरपूर खाऊन कधीतरी जुळं होतंच. आणि उलटंही खरं, एकटा जन्मलेला मेंढा बीबी असू शकतो.

पंचवीस-तीस मेंढ्यांना एक मेंढा पुरतो. आणल्यावर तीन आठवडे वेगळा बांधा, डॉक्टरांना विचारून पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) आणि आंत्रविषाराची लस, जंताचं औषध, मग कळपात.

बाप एकच, हे सांभाळणं

सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. बीबी मेंढा आणला पण कळपात जुना मेंढाही फिरतोय, पाच-सहा महिन्यांची नर कोकरंही आहेत, वाटेत दुसऱ्याचा कळप मिसळतोय, मग कुठली पाट कुणाची कसं सांगणार? आणि बाप पक्का नसेल तर "सगळी कोकरं बी प्लस" हा हिशोबच कोसळला, मग प्रत्येक पाटीची टेस्ट करायला पैसे घाला.

म्हणून मेंढा सोडायच्या आधी जुने मेंढे काढा किंवा बर्डिझो चिमट्यानं खच्ची करून घ्या. खच्ची केल्यावरही महिना-दीड महिना आत बीज शिल्लक असू शकतं, तेवढं अंतर ठेवा. चार महिन्यांवरची नर कोकरं वेगळी. बाहेरच्या मेंढ्याची भीती असेल तर मेंढा दिवसा कळपासोबत नेऊच नका, मेंढ्या रात्री वाघरीत (जाळीच्या कुंपणात) आल्या की आत सोडा, आणि रानात दुसऱ्या कळपापासून लांब राहा.

मेंढी साधारण १७ दिवसांनी परत माजावर येते, त्यामुळे मेंढा पाच-साडेपाच आठवडे ठेवला की प्रत्येकीला दोन संधी मिळतात. मेंढ्याच्या छातीला गेरू तेलात कालवून लावा, दर चार दिवसांनी परत लावा. ज्या मेंढीच्या पुठ्ठ्यावर गेरू, तिचा नंबर आणि तारीख वहीत. १७ दिवसांनी गेरूचा रंग बदला, परत रंग लागला तर पहिल्यांदा राहिली नव्हती. या तारखेत १५० दिवस मिळवा, चार-पाच दिवस अलीकडे-पलीकडे मेंढी व्याते. १० जूनला लागलेली ७ नोव्हेंबरच्या आसपास.

वही

कानात बिल्ला नसेल तर हे काहीच करू नका. सरकारी बारा अंकी पिवळा बिल्ला असेल तर उत्तम, तो लांबून वाचता येत नाही म्हणून मी सोबत आपला मोठ्या आकड्यांचा एक साधा बिल्ला लावतो.

प्रत्येक कोकराला एक ओळ: कोकराचा नंबर, आईचा नंबर, बापाचा नंबर, जन्मतारीख, नर का मादी, एकटं का जुळं, जन्माचं वजन, ९० दिवसांचं वजन, मेलं तर कधी आणि कशानं. वजनाला ताणकाटा आणि बारदानाची झोळी पुरते. बिल्ला जन्माच्या दिवशीच, "उद्या लावू" म्हटलं की तीन जुळी एकत्र खेळायला लागतात आणि कुणाची आई कोण ते विसरा.

९० व्या दिवशीच वजन होईल असं नसतं, मग हिशोब असा करायचा. समजा कोकरू २.४ किलोचं जन्मलं, ८० व्या दिवशी १०.४ किलो भरलं. वाढ ८ किलो, भागिले ८०, म्हणजे दिवसाला १०० ग्रॅम. गुणिले ९०, म्हणजे ९ किलो, अधिक जन्माचं २.४, झालं ११.४ किलो. असं केलं की सगळी कोकरं एका मापात येतात.

डीएनए टेस्ट कुणाची करायची

सगळ्यांची करायची नाही, इथं पैसे वाचतात. बीबी बाप आणि साधी आई, बाप पक्का, तर टेस्ट नको. पुढच्या पिढीत बी प्लस मेंढीला साधा मेंढा लावला तर निम्म्या पाटी जीनवाल्या, मग कळपात ठेवायच्या पाटींचीच टेस्ट. आणि स्वतःचा पैदाशीचा मेंढा तयार करायचा असेल तर बी प्लस मेंढीला बीबी मेंढा लावून होणाऱ्या नरांची, त्यातले निम्मे बीबी निघतात. ही टेस्ट कोकरू महिन्याचं झालं की करून घ्या, खच्ची करायच्या आत. हा मेंढा आपल्या सावत्र बहिणींना लागता कामा नये, तो शेजारच्या कळपासाठी.

रक्त डॉक्टरांकडूनच काढून घ्या, तुमचं काम धरायचं आणि लिहायचं. मेंढी भिंतीला टेकवून मान थोडी वर आणि बाजूला, मानेवरची लोकर ओली करून दोन बाजूंना विंचरली की शिरेची पन्हाळ दिसते, डॉक्टर अंगठ्यानं खाली दाबतात आणि शीर बोटाएवढी फुगते. जांभळ्या झाकणाची ट्यूब, दोन-तीन मिली रक्त पुरे, लगेच आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करायची, जोरात हलवायची नाही. लगेच बर्फाच्या पिशव्यांच्या डब्यात, पण बर्फाला चिकटून नको, रक्त गोठलं तर खराब होतं.

ट्यूबवर नंबर आधी लिहा, रक्त नंतर. मी एका वर्षी सगळी रक्तं काढून झाल्यावर नंबर लिहायला बसलो, दोन ट्यूबा कुणाच्या ते आठवेना, आणि अंदाजानं लिहिलं. त्यातली एक पाट जीनवाली समजून ठेवली, दुसरी बाजाराला गेली. ठेवलेली चार वेतं एकएकच व्यायली, परत टेस्ट केली तर प्लस प्लस. ती दुसरी कुठे गेली कुणास ठाऊक, अजून वाईट वाटतं.

पाटी ठेवताना होणारी मोठी चूक

आपण काय करतो, तीन महिन्यांची सगळी कोकरं उभी करतो आणि त्यातली भरलेली, उंच पाट कळपाला ठेवतो, बारीक विकतो. वाडवडिलांपासून असंच. पण जुळ्यातलं कोकरू एकट्यापेक्षा बारीकच असणार, आईचं दूध वाटून प्यालंय ते. म्हणजे बी प्लस आणि साध्या मेंढ्यांच्या पाटी एकत्र उभ्या करून डोळ्यांनी वजनदार निवडत गेलात तर दरवर्षी एकटी जन्मलेली पाट राहते, जुळ्यातली जाते, आणि त्याच्याबरोबर जीनही हळूहळू कळपाबाहेर जातो. कुणी मुद्दाम करत नाही, पण होतं असंच.

म्हणून जुळ्याची तुलना जुळ्याशीच, एकट्याची एकट्याशी. आणि हिशोब आईचा करा. एकीनं एकच कोकरू १४ किलोचं केलं, दुसरीनं दोन ११-११ ची केली, तर दुसरीनं २२ किलो दिलं. मग हेही बघा की तिची दोन्ही जगली का, दोघांना ती सारखं पाजते का, कास सैल लोंबती नाही ना. दोन वेतं लागोपाठ एक कोकरू टाकून देणारी मेंढी कितीही देखणी असली तरी मी ठेवत नाही.

शेवटचे सहा आठवडे आणि व्यायची रात्र

मेंढा सोडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून मेंढीला रोज मूठ-दोन मूठ मका भरडा दिला तर चांगला, पण खरी गरज शेवटच्या सहा आठवड्यांत, कोकराची जास्तीत जास्त वाढ तेव्हाच होते. २५० ते ३०० ग्रॅम खुराक, मका भरडा आणि पेंड मिळून, दोन वेळा विभागून, आणि एकदम नाही, आठवडाभरात हळूहळू वाढवत. सोबत शेवरी, सुबाभूळ, लसूणघास जे असेल ते. व्यायच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची लस, म्हणजे चिकातून कोकरांना ताकद मिळते.

या दिवसांत एखादी मेंढी कळपापासून बाजूला उभी राहते, खात नाही, डोळ्यांनी दिसत नसल्यासारखी धडपडते, तोंडाला गोडसर वास येतो, तर समजा पोटात दोन आहेत आणि अंगातली ताकद संपलीय. हा जुळ्यांच्या मेंढीचाच आजार, थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर. उशीर झाला की आईसकट तिन्ही जातात.

व्यायल्यावर पहिलं कोकरू चाटण्यात मेंढी गुंग असते आणि दुसरं मागं पडतं, गारठतं, नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री तर फारच. तिथं माणूस हवा. नाकातोंडातला चिकटा बोटानं काढा, बारदानानं चोळून कोरडं करा, आईच्या तोंडापुढे ठेवा. नाळ आयोडीनमध्ये बुडवा. आईच्या सडाची पहिली धार बाहेर काढून टाका, सडाच्या तोंडाशी असलेलं बूच निघतं. दोन तासांत दोघांच्याही पोटात चीक गेला पाहिजे, किलोला ५० मिली, म्हणजे दोन किलोच्या कोकराला १०० मिली. ओढत नसेल तर पिळून बाटलीनं पाजा. कोकराच्या तोंडात बोट घालून बघा, आत गार लागलं तर आधी उबेला घ्या, मग पाजा, गारठलेल्याला तसंच पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं.

आई आणि दोघांना दोन-तीन दिवस छोट्या खणात वेगळं ठेवा, एकमेकांचा वास पक्का होऊ द्या. दूध कमी पडलं तर कळपातल्या शेळ्या उपयोगी पडतात, आपल्या धनगरांच्या कळपात चार-पाच शेळ्या असतातच. जीन आणायचं ठरवलंत तर मेंढ्याबरोबर दोन दुधाच्या शेळ्या वाढवा, माझा हा सल्ला लोकांना पहिल्यांदा पटत नाही, दुसऱ्या वर्षी पटतो.

दोन वर्षांनी

जून २०२४ ला मेंढा सोडला असेल तर दिवाळीला पाटी, त्या दीड वर्षाच्या होऊन २०२६ च्या पावसाळ्यात लागणार आणि दिवाळीला पहिली जुळी. तोवर तोच मेंढा ठेवला तर तो स्वतःच्या लेकींना लागेल, कोकरं कमजोर निपजतील, मरही वाढेल. म्हणून पाटी माजावर यायच्या आत मेंढा बदला. लेकींना चांगल्या मोठ्या बांध्याचा साधा मेंढा लावा, लोणंदकडचा दख्खनी किंवा जतकडचा माडग्याळ, आणि जुन्या मेंढ्यांना दुसरीकडचा बीबी, दोन टोळ्या वेगळ्या. गावातले तीन-चार मेंढपाळ एकत्र आलात तर बीबी मेंढे आपापसात फिरवता येतात, प्रत्येकाला नवा विकत घ्यावा लागत नाही.

त्या आबांनी व्यापाऱ्याला दाखवलेल्या पाटी परत फिरवल्या, सतरा राहिल्यात, सगळ्यांना बिल्ले लावलेत. मेंढा यंदा मेहुण्याच्या कळपात पाठवतायत, आणि त्याच्यासोबत टेस्टच्या कागदाची आणि वहीच्या पानांची झेरॉक्स द्या एवढं मी त्यांना सांगून ठेवलंय.